कला आणि मनुष्यबळ व्यवस्थापन यांचे एकत्रित शिक्षण नागपुरात कसे घ्यावे

पुढे एचआर विभागात काम करायचे असेल, तर आधी बी.ए. पूर्ण करावे आणि मगच व्यवस्थापनाकडे वळावे, अशी सक्ती आता राहिलेली नाही. दोन्हींचा अभ्यास एकाच वेळी करण्याचे दोन मार्ग आहेत आणि प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच त्यांपैकी एक निश्चित करावा.

पहिला मार्ग एकाच पदवीच्या आतला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) आणि खुल्या ऐच्छिक विषयांची झाली असून इंटर्नशिपलाही श्रेयांक मिळतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयात मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र मेजर घ्यावे आणि व्यवस्थापनाचे विषय मायनर किंवा खुल्या ऐच्छिकांतून जोडता येतात का, ते पाहावे. माहितीपुस्तिकेत विषयाचे नाव छापलेले असणे पुरेसे नाही. तो विषय शिकवणारे प्राध्यापक महाविद्यालयात आहेत का आणि गेल्या वर्षी त्याची तुकडी भरली होती का, हे कार्यालयात जाऊन विचारावे.

दुसरा मार्ग दोन स्वतंत्र अभ्यासक्रमांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली. दोन्ही नियमित असतील, तर तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल, तर ही अडचण बरीच कमी होते. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या दोहोंची विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. मात्र निवडलेल्या दूरस्थ अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे, याची प्रवेशापूर्वी खात्री करावी. मूळ टी.सी. एकाच संस्थेकडे जमा होते, म्हणून दुसरी संस्था ती मागते का, हेही आधीच विचारून घ्यावे. नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी व हिवाळी परीक्षा आणि इग्नूच्या जून व डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षा जवळजवळ येतात, त्यामुळे दूरस्थ अभ्यासक्रमाचे स्वाध्याय सत्राच्या सुरुवातीलाच लिहून टाकणे हिताचे ठरते.

प्रवेशापेक्षा अवघड काम पुढेच आहे, कारण बहुतेक विद्यार्थी दोन्ही विषय दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. अर्थशास्त्रात वेतन आणि रोजगार शिकायचा आणि वेतन प्रशासनाच्या तासाला त्याची आठवणही काढायची नाही, असे केले तर दोन अभ्यासांचे ओझे तेवढे वाढते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, दर आठवड्याला एक प्रश्न दोन्ही बाजूंनी लिहून काढावा. कामगारांची गैरहजेरी हा त्यासाठी उत्तम प्रश्न आहे आणि त्याचे उदाहरण नागपूरच्या इतिहासातच सापडते. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगार नियमित हजर राहत नसत. त्यावर केवळ दंडाचा बडगा न उगारता गिरणीने भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बक्षिसे यांची वाट धरली, तीही १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा येण्याच्या कितीतरी आधी. शेतीच्या हंगामात गावाकडे जाणारा कामगार समाजशास्त्राने समजतो, बक्षिसाचा परिणाम मानसशास्त्राने समजतो आणि निधीची तजवीज व्यवस्थापनाने समजते. असे एक प्रकरण (केस स्टडी) मनापासून लिहिले, की पुढची प्रकरणे आपोआप सुचू लागतात.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना आकडेमोडीची धास्ती असते. ती पहिल्याच वर्षी घालवावी. ओळखीच्या एखाद्या नोकरदाराचे पगारपत्रक त्याच्या परवानगीने समोर घ्यावे आणि प्रत्येक ओळ स्वतः मांडून पाहावी. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर १२ टक्क्यांप्रमाणे पीएफची (भविष्यनिर्वाह निधीची) कपात १,८०० रुपये होते. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असल्यास कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. एवढे हाताने करता आले, की संगणकातील पेरोलची (पगाराच्या हिशेबाची) भीती उरत नाही.

कामगार कायद्याचे जुने गाईड मात्र वापरू नये. २९ केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५०० कामगारांना होती, ती आता २५० वर आली आहे. अधिक कारखान्यांना हे पद भरावे लागणार असल्याने या विद्यार्थ्यांनी हा बदल नीट अभ्यासावा. त्या पदासाठी नुसती बी.ए. पुरेल असे गृहीत न धरता नियमांतील पात्रता पाहावी आणि त्यानुसार एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) किंवा एम.बी.ए. यांपैकी पुढचा टप्पा ठरवावा.

इंटर्नशिपसाठी बुटीबोरी आणि हिंगणा येथील औद्योगिक वसाहती आणि विमानतळाजवळचा मिहान हा उद्योग प्रकल्प ही जवळची ठिकाणे आहेत. अर्जासोबत गुणपत्रिकेबरोबर स्वतः लिहिलेले एक प्रकरण जोडावे. तेथे गेल्यावर केवळ फायली लावण्याचे काम मिळाले, तरी हजेरीपट, कंत्राटी कामगारांच्या नोंदी आणि रजेचे अर्ज लक्षपूर्वक वाचावेत, आणि शिफ्ट बदलताना गेटवर कामगार आपसात मराठीत व हिंदीत काय बोलतात, तेही ऐकावे. नावे गाळून त्याची टिपणे त्याच संध्याकाळी वहीत उतरवावीत.