ओरिएंटिअरिंगमध्ये वाट चुकू नये म्हणून नकाशा हातात कसा धरायचा

साताऱ्यात पळणाऱ्यांची कमी नाही, सकाळी यवतेश्वर घाटात बघा नाहीतर अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला, पाय तयार असतात सगळ्यांचे. पण ओरिएंटिअरिंगला, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या खुणा क्रमाने शोधत पळायच्या शर्यतीला, उतरले की हेच लोक दुसऱ्या-तिसऱ्या कंट्रोललाच (त्या खुणांना कंट्रोल म्हणतात) भरकटतात, आणि मला विचाराल तर नकाशा वाचता येत नाही म्हणून नाही, तो हातात नीट धरत नाहीत म्हणून. तर फक्त तेवढंच सांगतो.

आधी घडी घाला. अख्खा नकाशा उघडा धरून पळायचं नाही, वाऱ्यावर फडफडतो आणि नजर भलतीकडेच जाते. आत्ताचा कंट्रोल, पुढचा कंट्रोल आणि आजूबाजूचा थोडा भाग दिसेल एवढाच ठेवा, कंट्रोल झाला की घडी बदला.

मग नकाशा दिशेला लावा, सगळ्यात महत्त्वाचं हेच. नकाशावरच्या उत्तरेच्या रेषा होकायंत्राच्या काट्याला जुळल्या पाहिजेत, तुमचं तोंड कुठेही असो. आता शहरातून अजिंक्यताऱ्याकडे निघालात म्हणजे तुम्ही दक्षिणेला चाललात, तर नकाशाची उत्तर तुमच्या पोटाकडे येणार आणि नावं सगळी उलटी दिसणार. दिसू देत! नावं वाचायला नकाशा सरळ केला की डावं-उजवं उलटं झालंच म्हणून समजा. वळलात की नकाशा हातात फिरवायचा, पुन्हा काट्याला जुळवायचा, प्रत्येक वळणाला, आळस न करता.

तिसरं अंगठा. जिथे आहात तिथे, किंचित मागे, अंगठ्याचं टोक ठेवा. ओढा ओलांडला, अंगठा सरकवा, वाट फुटली, अंगठा सरकवा. मग पळता पळता खाली बघितलं की शोधाशोध नाही, एका नजरेत जागा सापडते. पण खात्री नसताना अंगठा पुढे ढकलू नका, तिथूनच घोळ सुरू होतो.

अंतराचा अंदाज पण लागतोच. १:१०,००० चा नकाशा असेल तर १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर, १:१५,००० चा असेल तर १५०. सपाट १०० मीटर मोजून घ्या, डावा पाय किती वेळा पडतो ते लक्षात ठेवा, चढाला आकडा वाढतो त्यामुळे चढावर वेगळा मोजा.

आता एक युक्ती, मला स्वतःला फार आवडणारी. कंट्रोल ओढ्याच्या काठावर आहे आणि तुम्ही माळावरून येताय, तर नेम थेट कंट्रोलवर धरू नका, मुद्दाम थोडा डावीकडे धरा. ओढा लागला की कंट्रोल उजव्या हाताला असणार हे पक्कं, सरळ उजवीकडे वळायचं. थेट नेम धरून चुकलात तर कुठल्या बाजूला चुकलात हेच कळत नाही. शिवाय कंट्रोलच्या पलीकडे काय आहे, रस्ता, बांध, डोंगराची सोंड, ते आधीच बघून ठेवा, ते आलं म्हणजे आपण पुढे गेलो.

सरावाला नेहमीची टेकडी चालेल, कासचं पठार मात्र नको, तिथे वाट सोडली की फुलं तुडवली जातात.

आणि हरवलातच तर थांबा. नकाशा दिशेला लावा, शेवटची खात्रीची जागा कुठली आणि तिथून साधारण किती आलो ते आठवा, समोरची एखादी मोठी गोष्ट नकाशावर सापडते का बघा. नाहीच जुळलं तर पुढे न रेटता त्या खात्रीच्या जागेवर परत जा.