लाइट गेली आणि आर्काइव्ह अडकलं

रावेरला एका केळी व्यापाऱ्याकडे पोस्टग्रेस डेटाबेसचा प्रायमरी म्हणजे मुख्य सर्वर, स्टँडबाय म्हणजे राखीव सर्वर जळगावला. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्याच होत्या (शेठ म्हणे पुढच्या सीझनला बघू भाऊ), मशीन धाडकन बंद. संध्याकाळी बघतो तर प्रायमरीची डिस्क भरत चाललेली.

दोन्हीकडचे आर्काइव्ह फोल्डर शेजारी उघडून बघितले, एकाच नावाची वॉल फाईल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद असते ती), जळगावला पूर्ण 16777216 बाइट आणि इकडे जेमतेम 9 एमबी! कॉपी चालू असताना लाइट गेली, अर्धी फाईल तशीच राहिली, आणि या फाईली आर्काइव्हमध्ये कॉपी करणारी आपली आर्काइव्ह कमांड काय, तर फाईल आधीच असेल तर एरर दे, म्हणून ती तिथेच डोकं आपटत बसली आणि मागच्या फाईली साचत गेल्या. ती अट बरोबरच आहे हो, काढू नका, चूक थेट खऱ्या नावाने कॉपी करण्यात होती.

अर्धी फाईल डिलीट नाही केली, बाजूला हलवली. मूळ प्रत प्रायमरीच्या पीजी-वॉल फोल्डरमध्ये होतीच, आर्काइव्ह न झालेली फाईल पोस्टग्रेस पुसत नाही. मिनिटभरात रांग सुटली. आता आधी टेम्प नावाने कॉपी, मग सिंक (डिस्कवर पक्कं लिहून घेणं), मग एमव्ही करून खरं नाव.

बॅटऱ्या अजून तशाच आहेत.