शाळेतील समतेच्या विरोधातली कालची आणि आजची भाषा कशी ताडून पाहावी

अमेरिकेतील शाळांमधल्या वांशिक समतेला झालेला जुना विरोध आणि आजची राजकीय भाषा यांची तुलना करायची असेल, तर आधी मूळ मजकूर पूर्ण वाचावेत. गाजलेल्या एका ओळीवर विसंबू नये.

अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचे उदाहरण पाहा. जानेवारी १९६३ मध्ये शपथविधीच्या भाषणात त्यांनी वंशविभाजन आज, उद्या आणि कायम राहील असे उघड सांगितले. त्याच वर्षी ११ जूनला दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवण्यासाठी ते अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, तेव्हा मात्र त्यांच्या निवेदनाचा भर राज्याचे अधिकार आणि केंद्र सरकारची घुसखोरी यांवर होता. माणूस तोच, पण पाच महिन्यांत शब्द निराळे झाले. म्हणूनच टिपणे काढताना शब्दांशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्या शब्दांमुळे कोणते मूल कोणत्या शाळेत बसले, हे त्यात लिहावे.

हा रकाना किती बोलका ठरतो, ते व्हर्जिनियातील न्यू केंट काउंटीत दिसते. तेथे १९६५ मध्ये ‘निवडीचे स्वातंत्र्य’ नावाची योजना आली. ऐकायला हे शब्द निर्मळ आहेत. पण तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले जुन्याच शाळेत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती योजना अपुरी ठरवली. स्वातंत्र्य कोणाचे आणि शाळा एक करण्याचे ओझे कोणावर, हे प्रश्न मला या अभ्यासात सर्वांत मोलाचे वाटतात.

आजच्या मजकुराला हेच प्रश्न विचारावेत, मात्र केवळ शब्द जुळले म्हणून हेतूही तोच असे ठरवू नये. पालकांचा हक्क किंवा राज्याची स्वायत्तता यांविषयी प्रामाणिकपणे बोलणारेही असतात आणि त्यांच्यावर वॉलेस यांचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. साम्य दाखवायचे तर शब्द, कायदा आणि परिणाम या तिन्हींत दाखवावे.

सरावासाठी २९ जून २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्यावा, ज्याने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द केली. त्यात बहुमतातील आणि विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी, दोघांनीही, सरकारी शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याचाच आधार घेतला आहे. दोन्ही मतांतील ब्राउनविषयीचे परिच्छेद समोरासमोर ठेवावेत आणि कोणी त्यातला कोणता भाग उचलला, कोणता सोडला, यावर खुणा करत जावे.