फिनिक्सच्या अंगणात घायपात आणि सग्वारो लावताना या चुका टाळा

नर्सरीतलं घायपाताचं रोप फूटभर असतं, निळसर, देखणं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला घर घेतलं तेव्हा मी असंच एक हौसेने दारालगत लावलं. गावाकडे बांधावरचा घायपात बघत मोठी झालेली मी. ते केवढं पसरतं हे तेव्हाच आठवायला हवं होतं.

अमेरिकन घायपात सहा फूट उंच आणि आठ-दहा फूट रुंद होतो. पानाच्या टोकाला इंचभर काळा काटा. तो माझ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आला, त्या दिवशी मी झाड काढायला घेतलं. पानं तोडताना उडालेल्या रसाने हातांची दोन दिवस आग होत होती. म्हणून रोप घेताना पूर्ण वाढीचा घेर विचारा आणि तेवढी दोरी जमिनीवर गोल मांडून बघा. पायवाट त्या गोलात येत असेल तर दीड फुटातच थांबणारा व्हिक्टोरिया-रेजिनी घायपात घ्या.

सग्वारो म्हणजे इथला खांबासारखा उंच निवडुंग. त्याच्या बाबतीत मोह उलटा असतो: हात, म्हणजे बाजूच्या फांद्या, फुटलेलाच हवा. पण पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. एवढं जुनं झाड उपटून आणलं की साठवलेल्या पाण्यावर ते काही वर्षं हिरवं दिसतं आणि मग कोसळतं. पाच-सहा फुटांचं, बिनहाताचं घ्या. ॲरिझोनात सग्वारोला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे सरकारी परवान्याचा टॅग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. झाडाची दक्षिण बाजू खुणेने दाखवायला सांगा आणि लावताना तीच दक्षिणेला ठेवा, नाहीतर कोवळी बाजू उन्हाने करपते.

भर उन्हाळ्यात मोठं झाड आणू नका. ही झाडं रात्री श्वास घेतात, त्यांना रात्रीचा गारवा लागतो. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता, रात्रीही तापलेल्या. तेव्हा मुरलेले सग्वारोसुद्धा पडले.

आणि मोठा घायपात अचानक बसला, बाहेरची पानं लोळली, मधला कोंब तेवढा ताठ राहिला, तर पाण्याचा पाइप सोडू नका. बुंधा दाबून बघा. मऊ लागला, कुजका वास आला, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत. कोकणात नारळ पोखरतो त्याचाच हा भाऊबंद. असं झाड वाचत नाही. हातमोजे घालून मुळासकट काढा, अळ्यांसह पिशवीत बांधून टाका आणि त्या खड्ड्यात पुन्हा घायपात लावू नका.