नवं ॲप, नवी ऑफर, अनोळखी कॉल : निर्णय घाईत जाऊ नये म्हणून काय करावं

नागपूरच्या इतवारीतल्या किराणा दुकानात बिलिंग सॉफ्टवेअर विकणारा येतो, फटकन बिल काढून दाखवतो आणि म्हणतो, "भाऊ, सूट आज रात्रीपर्यंतच आहे. उद्या पूर्ण पैसे लागतीन." गिऱ्हाईक खोळंबलेलं, हातात तराजू, आणि वर्षभराचा करार दोन मिनिटांत ठरवायचा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की फायदा जेवढा सुखावतो त्यापेक्षा तेवढ्याच रकमेचा तोटा जास्त बोचतो. "सूट जाईल" हे शब्द नेमके तिथंच लागतात.

म्हणून पहिलं काम : पैसे किंवा कागदपत्रं गुंतली असतील, तर "उद्या सकाळी सांगतो" हे उत्तर आधीच ठरवून ठेवा. ऑनलाइन खरेदीत दाखवली जाणारी खोटी घाई ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या १३ 'डार्क पॅटर्न'पैकी, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांपैकी, एक आहे. तिची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला करता येते.

मग रात्री निवांत बसून तीन गोष्टी लिहा. आज नेमका त्रास कशाचा आहे, उधारी जुळत नाही की जीएसटीचा हिशेब लांबतो? महिनाभरात काय सुधारलं तर ही वस्तू कामाची म्हणायची? आणि बंद करायची झाली तर कशी? हे वापर सुरू करण्याआधीच लिहायचं. एकदा पैसे गुंतले की "आता कसं सोडायचं" असं मन म्हणू लागतं आणि आपलेच निकष सैल होतात. महिनाभर जुनी वही सोबत चालू ठेवा. मोफत चाचणी असेल तर ती संपण्याच्या दोन दिवस आधीच्या तारखेला भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करा. विसरलेल्या ॲपचे पैसे दर महिन्याला मुकाट कटत राहतात.

आधीपासून टिक करून ठेवलेलं माणूस सहसा बदलत नाही. अर्थशास्त्राचं २०१७ चं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी हीच सवय कामाला लावली : पगार वाढला की बचतीचा वाटा आपोआप वाढावा, अशी योजना त्यांनी सहकाऱ्यासोबत आखली. आपणही एका रविवारी यूपीआयमधली ऑटोपेची, म्हणजे आपोआप कटणाऱ्या पैशांची, यादी उघडून नको ते रद्द करावं आणि बँकेच्या ॲपमधली रोजची मर्यादा घरखर्चापुरती आणावी.

एआयचा सल्ला घेताना आपलं उत्तर आधी लिहा, मग विचारा. आधी त्याचं वाचलं की आपलं डोकं त्याच वाटेनं चालतं.

घरातल्या ज्येष्ठांना नुसतं "सावध राहा" सांगणं मात्र पुरत नाही, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांच्या संशोधनानुसार "असं झालं, तर मी हे करीन" असा नेमका बेत मोघम निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो. तेव्हा बाबांना त्यांच्याच अक्षरात लिहायला सांगा : "कोणी पोलीस म्हणून व्हिडिओ कॉल केला, तर मी फोन ठेवीन आणि धरमपेठला मुलीला लावीन." "पैसे मिळतील म्हणून पिन मागितला, तर टाकणार नाही." यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरच केलेली अटक, अशी कारवाई आपल्या कायद्यात नाही. चिठ्ठी चार्जरच्या वर चिकटवा आणि एकदा तालीम करा : तुम्ही दुसऱ्या खोलीतून दरडावून बोला, बाबांनी वाक्य अर्धं असतानाच फोन कापायचा. साहेबाचा फोन मधेच ठेवणं त्यांना उद्धटपणाचं वाटेल, पहिल्यांदा हात अडेल. मग पुन्हा करा.

पैसे गेलेच तर रागावू नका, रागाच्या धाकाने माणसं गोष्ट लपवतात आणि वेळ निघून जातो. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, बँकेला कळवा, आणि व्यवहाराचे मेसेज पुसू नका.