इग्बो नाव फोडून कसे वाचावे

आग्नेय नायजेरियातील इग्बो समाजात नाव म्हणजे बहुधा एक छोटे वाक्यच असते. म्हणून अर्थ शोधताना आधी ते वाक्य कोणकोणते शब्द जोडून बनले आहे, हे पाहावे. आरंभी ‘ची’ असेल, तर ते माणसासोबत जन्मापासून असणारे त्याचे स्वतःचे दैवत होय. ‘ची’ला ‘उक्वू’, म्हणजे मोठा, जोडला की ‘चुक्वू’, म्हणजे परमेश्वर होतो. ख्रिस्ती घरांत मात्र नुसत्या ‘ची’चाही अर्थ परमेश्वर असाच घेतला जातो.

रोजच्या वापरातले रूप तोडलेले असू शकते, हे गृहीत धरावे. ‘एमेका’ म्हणजे ‘चुक्वुएमेका’, अर्थात देवाने फार मोठे काम केले. हाक मारताना त्यातला देवच गळतो. ‘चिनुआ’ हेही ‘माझ्या वतीने देव लढो’ अशा अर्थाच्या लांब नावाचे संक्षिप्त रूप आहे.

त्यानंतर जन्मवार तपासावा. इग्बो आठवडा एके, ओरिए, आफो आणि न्क्वो या चार बाजारदिवसांचा असतो, आणि त्यांवरून ओकेके, ओकोरी, ओकाफोर, ओकोंक्वो ही मुलग्यांची नावे पडली, जी आज बहुतेक आडनावे म्हणून दिसतात. आपल्याकडच्या सोमा, मंगळ्या या नावांमागे हीच रीत आहे.

सर्वांत सावकाश वाचावीत ती दुःखातून आलेली नावे. ‘ओन्वुबिको’ म्हणजे ‘मृत्यो, विनवतो’; ‘ओझोएमेना’ म्हणजे ‘असे पुन्हा न घडो’. मुले दगावत असलेल्या मराठी घरात धोंडू, दगडू अशी नावे ठेवून मृत्यूची नजर चुकवली जाई. इग्बो घर मृत्यूशी थेट बोलते, आणि मला ते अधिक धीट वाटते. अशा नावाचा अर्थ विचारताना तो घरातल्या एखाद्या मृत्यूचा प्रश्न असू शकतो, याचे भान ठेवावे.

‘न्नान्ना’ (वडिलांचे वडील) आणि ‘न्नेन्ना’ (वडिलांची आई) ही नावे पूर्वज नातवंडांच्या रूपाने परततात, या श्रद्धेशी जोडलेली आहेत. आजोबांचे नाव नातवाला देणाऱ्या वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाहीत.

केवळ लिखित रूपावर मात्र विसंबू नये. इग्बो ही स्वरभेदी भाषा आहे: ‘आक्वा’ हा एकच शब्द आवाजाच्या चढउतारानुसार रडणे, कापड, अंडे किंवा पलंग असा बदलतो, आणि नेहमीच्या लेखनात हे चढउतार सहसा दाखवत नाहीत. म्हणून शेवटी त्या व्यक्तीलाच नाव उच्चारायला सांगावे.