झोप न येणारी अ‍ॅलर्जीची गोळी घेताय? या चुका टाळा

दिवाळीची जळमटं काढायला घेतली की माझ्या शिंका सुरू होतात त्या थेट थंडी सरेपर्यंत. नाशिकच्या सिडकोत राहते, पंधराएक वर्षं अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेतेय. डॉक्टर नाही मी, पण यातल्या बऱ्याच चुका स्वतः करून डॉक्टरांची बोलणी खाल्लेली आहेत.

पहिली चूक मेडिकलच्या काउंटरवरच होते. "झोप न येणारी द्या" म्हणायचं, मिळेल ती स्ट्रिप पर्समध्ये टाकायची आणि नाव वाचायचंच नाही. जुन्या गोळ्या, म्हणजे सीपीएम (क्लोरफेनिरामिन) किंवा अविल, मेंदूपर्यंत जातात म्हणून गुंगी येते, आणि नंतर आलेल्या सेट्रिझिन, लिवोसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या तिथे कमी पोचतात. कमी हं, अजिबात नाही असं नाही. सेट्रिझिन आणि लिवोसेट्रिझिनने तर काही जणांना चांगलीच पेंग येते, त्यातली मी एक. सकाळी चहासोबत सेट्रिझिन घेऊन स्कूटीवर नाशिकरोडला निघाले होते, द्वारकेच्या सिग्नलला डोळा लागला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारून मारून जागं केलं. तेव्हापासून ठरलंय, कुठलीही नवीन गोळी पहिल्यांदा घ्यायची ती रात्री, घरी, आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड वाटतंय का ते बघून मगच गाडीला हात लावायचा. दिवसा गाडी चालवायचीच असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, फेक्सोफेनाडिनसारखा पर्याय असतो. आणि संध्याकाळी "बसणार" असाल तर त्या दिवशी गोळीवर दारू नको, नॉन ड्राऊझी असली तरी नको.

आता आपल्या मराठी माणसाची खास चूक. अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली की आपण काय म्हणतो, पित्त उठलं. आणि छातीत जळजळलं तरी पित्तच! मग एकाच घोटात अ‍ॅलर्जीची गोळी आणि पित्ताचं गुलाबी औषध, दोन्ही. आमच्या मामींनी नेमकं हेच आठवडाभर केलं आणि वर "ही गोळी काही लागू पडत नाही बाई" म्हणून मलाच ऐकवलं. त्यांची गोळी फेक्सोफेनाडिन होती. ज्या अँटासिडमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं त्याच्यासोबत ती घेतली तर अंगात नीट शोषलीच जात नाही, दोघांत निदान दोन तासांचं अंतर लागतं. आमसुलाचं पाणी अंगाला लावायचं तर लावा, त्याने गोळीचं काही बिघडत नाही.

फळांच्या ज्यूसचंही तसंच. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेतली तर असर बराच कमी होतो. ग्रेपफ्रूट म्हणजे आपली द्राक्षं नव्हेत बरं का, ते पपनिसाच्या जातीचं फळ आहे, नाहीतर पिंपळगाव-दिंडोरीकडचे लोक उगाच घाबरायचे. पण गोळी साध्या पाण्यासोबतच घ्या, विषय संपला. बिलास्टिनचं अजून वेगळं आहे, ती रिकाम्या पोटी लागते, म्हणजे खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. मिसळ खाऊन लगेच घेतली तर काही भाग वाया.

असर दिसला नाही की लोक दुसरी गोळी टाकतात. तासभर तरी थांबा की! साधारण मोठ्या माणसाला सेट्रिझिन १० मिलिग्रॅम, लिवोसेट्रिझिन ५, लोराटाडिन १०, आणि हे दिवसातून एकदाच. त्यात सर्दी झाली म्हणून सर्दीची कॉम्बिनेशन गोळी पण घेतली, तर तिच्यात बहुतेक वेळा सीपीएम असतंच, म्हणजे नकळत दोन अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जीच्या गोळ्या) झाल्या आणि झोप न येणाऱ्या गोळीचे पैसे पाण्यात. शिवाय त्यात बऱ्याचदा नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन असतं, बीपीवाल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नये. लिवोसेट्रिझिनसोबत मोंटेलुकास्ट (हेही अ‍ॅलर्जीचंच, पण वेगळ्या प्रकारचं औषध) असलेली गोळी तर घराघरात सापडते, शेजारीण शेजारणीला देते, पण मोंटेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, तेव्हा ती उधार-उसनवारीची गोळी नाही.

कधी कधी गोळी बरोबर असते, तक्रारच चुकीची असते. शिंका, खाज, पाण्यासारखं गळणारं नाक यावर ती चालते, पण चोंदलेल्या नाकावर फारशी नाही, तिथे डॉक्टर स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देतात आणि तो रोज मारावा लागतो. चटकन नाक मोकळं करणारे ड्रॉप्स पाच दिवसांच्या वर ओढले तर नाक उलट जास्त चोंदतं. आणि द्राक्षबागेत फवारणी करून आल्यावर डोळे-नाक गळायला लागलं तर ती अ‍ॅलर्जी समजून गोळी घेऊन झोपू नका. सोबत घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणं असेल तर विषबाधा असू शकते, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

घरातल्या म्हाताऱ्यांना किडनीचा त्रास असेल तर सेट्रिझिन-लिवोसेट्रिझिनचा डोस कमी करावा लागतो, आपली स्ट्रिप तशीच त्यांच्या हातात देऊ नका. पोरांना मोठ्यांची गोळी अर्धी तोडून देणं पण बंद करा, सिरप वयानुसार असतं. गरोदर असाल तर आधी विचारा.

ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास, आवाज बसला, चक्कर आली, तर गोळीचा असर व्हायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, गोळीने भागत नाही.

अ‍ॅलर्जीची स्किन टेस्ट करायची असेल तर गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. मी न सांगता आदल्या रात्री घेऊन गेले होते, टेस्ट पुढे ढकलली आणि अर्ध्या दिवसाची रजा फुकट गेली. आणि महिनोन् महिने रोज सेट्रिझिन घेत असाल आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत अंगभर खाज सुटली, तर तीही माहीत असलेली गोष्ट आहे, एफडीएने २०२५ मध्ये तसा इशारा दिलाय. माझं तसंच झालं होतं, मी आपली नवीन साबणाला शिव्या देत बसले होते.